मत्स्यपेटीच्या पाण्यासाठी जुने पिंप निवडताना

मत्स्यपालनाचा छंद जोपासणाऱ्या सर्व स्नेह्यांस मनःपूर्वक विनंती आहे, की पाणी साठविण्यासाठी जुन्या बाजारातून पिंप घेताना किमतीपेक्षा त्याच्या पूर्वेतिहासाची चौकशी अधिक कसोशीने करावी. कारण ज्यात कीटकनाशक, रंग किंवा वंगण भरलेले होते, ते पिंप कितीही घासले तरी प्लास्टिकमध्ये मुरलेला अंश हळूहळू पाण्यात उतरतो आणि माशांच्या नाजूक कल्ल्यांस बाधतो. तळाशी त्रिकोणात उमटविलेला 2 किंवा 5 हा आकडा ग्राह्य खरा, परंतु तो केवळ प्लास्टिकची जात सांगतो, आत काय होते याचा दाखला देत नाही. म्हणून विक्रेत्याच्या तोंडी ग्वाहीवर न विसंबता मूळ लेबल शाबूत असलेले, सरबताचे वा साखरेच्या पाकाचे पिंपच पसंत करावे.

तांब्यापितळेची व जस्ताचा मुलामा दिलेली भांडी सर्वस्वी वर्ज्य मानावीत, कारण तांब्याचा अत्यल्प अंशही कोळंबी आणि गोगलगायींस घातक ठरतो.

घरी आणलेले पिंप साबण न लावता मीठ व गरम पाण्याने धुऊन, भरून, झाकण लावून दोन दिवस ठेवावे. झाकण काढताच उग्र वास आला, अथवा पाण्यावर तवंग वा फेस दिसला, तर ते निःसंकोच नामंजूर करावे.