वरचे काही नॅनोमीटर

नवा रोल मशीनवर चढवण्याआधी ऑपरेटर डाइन पेनाने फिल्मवर एक आडवी रेघ ओढतो. दोन सेकंद ती सलग राहिली तर रोल चढतो. आकसून तिचे थेंब झाले, की ‘ट्रीटमेंट उतरलीय’ म्हणून रोल बाजूला. नाशिकच्या अंबड-सातपूर पट्ट्यात पाकिटं छापणाऱ्या शेडमध्ये हे रोजचंच. चिवड्याच्या पाकिटावरची शाई नखाने सुटणार की नाही, ते इथेच कळतं.

पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन स्वभावानेच अलिप्त. त्यांची पृष्ठऊर्जा सेंटिमीटरला ३० डाइनच्या आसपास. शाईला साधारण ३८ तरी हवेत. म्हणून फिल्म कोरोना ट्रीटरखालून जाते. इलेक्ट्रोड आणि रोलर यांच्यामधल्या अरुंद फटीत जांभळट झालर दिसते, ओझोनचा उग्र वास नाकात जातो, आणि फिल्मच्या वरच्या जेमतेम काही नॅनोमीटरमध्ये ऑक्सिजनचे गट बसतात. डेन्मार्कच्या व्हेर्नर आइसबी यांनी १९५१ मध्ये ही युक्ती काढली. टिकाऊ मात्र ती नाही. फिल्म निसरडी राहावी म्हणून घातलेली द्रव्यं गोदामात हळूहळू वर येतात आणि डाइन घसरतात.

शाईचं एवढ्यावर भागतं. जिवंत पेशीचं नाही.

पॉलिमरचं रोपण शरीरात गेलं, की त्यावर आधी रक्तातली प्रथिनं कशीही येऊन बसतात. पेशीने नेमकं धरावं असं वाटत असेल तर तिला ओळखीची खूण द्यावी लागते, आणि ती खूण म्हणजे पेप्टाइड. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात पिअर्शबाखर आणि रुओस्लाहती यांनी दाखवलं, की फायब्रोनेक्टिनसारख्या अवाढव्य प्रथिनात पेशी धरते ती जागा मोजक्या अमिनो आम्लांची असते. तिचा गाभा ‘आरजीडी’: आर्जिनिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल.

हे पेप्टाइड पॉलिमरवर बसवण्याची सुरुवात शेडमधल्यासारखीच. प्लाझ्माने, म्हणजे तसल्याच विजेच्या झालरीने, पृष्ठभागावर कार्बॉक्सिल गट आणायचे, कार्बोडायइमाइडने ते सक्रिय करायचे, मग पेप्टाइडच्या अमाइन टोकाशी त्यांचा पक्का बंध जुळतो. मधे धुणं चुकवायचं नाही. उरलेलं कार्बोडायइमाइड आरजीडीतल्या अ‍ॅस्पार्टिकच्याच कार्बॉक्सिलला गाठतं. बंध आणि खूण यांच्यात ग्लायसिनचे दोन-तीन दुवे सोडतात, नाहीतर खूण पृष्ठभागाला टेकून बसते आणि पेशीला सापडत नाही.

पडताळणीला प्रयोगाच्या ताटलीतल्या शेजारच्या खळग्यात ‘आरजीई’ लावतात. अ‍ॅस्पार्टिकच्या जागी ग्लुटामिक आम्ल. फरक एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनचा. दोन्हींवर पेशी सोडून काही वेळाने धुतात. आरजीईवरच्याही तितक्याच टिकल्या, तर श्रेय पेप्टाइडचं नाही आणि काम प्लाझ्मापासून पुन्हा सुरू.