किती पैशांना एक वर्ष?

हॅमिल्टनच्या आमच्या फार्मसीत सगळ्यात जास्त वाद होतो तो गोळीच्या रंगावरून. "माझी पांढरी होती, ही पिवळी कशी?" म्हणत आजीबाई स्ट्रिप उलटीपालटी करतात. औषध तेच आहे, कंपनी बदलली, असं मी समजावते. फारमॅकने टेंडर काढलं आणि दुसरी कंपनी स्वस्तात आली, एवढंच.

1993 पासून न्यूझीलंडसाठी औषधं निवडायचं आणि त्यांचे भाव पाडून घ्यायचं काम ही सरकारी संस्था करते. देशाची लोकसंख्या मुंबईच्या निम्मीही नाही, त्यात बजेट आधीच ठरलेलं. त्यामुळे नवं औषध आलं की हिशोब मांडतात: एवढ्या पैशांत रुग्णांना निरोगी आयुष्याची किती वर्षं मिळतील? दुखण्यात काढलेलं वर्ष अर्धं-पाऊणच मोजायचं.

थायलंडने 2013 पासून अशा एका वर्षामागे 1 लाख 60 हजार बाट ही मर्यादा धरली. फारमॅक असा आकडा ठेवतच नाही, आणि मला ते पटतं. खिशात किती आहेत हे आधीच सांगून भाजीवाल्याशी कोण घासाघीस करतं? शिवाय एक औषध घेतलं की दुसरं मागे राहतं. कुठलं मागे राहतं, त्यावर खरी मर्यादा ठरते. दरडोई उत्पन्नाच्या तिपटीपर्यंत खर्च चालेल, हा जुना ठोकताळा गरीब देशांना म्हणूनच झेपत नाही.

हिशोब निवडणुकीत कसा विस्कटतो, ते 2008 साली दिसलं. स्तनाच्या कॅन्सरवरच्या हर्सेप्टिनचा फारमॅकने 9 आठवड्यांचाच कोर्स मंजूर केला होता. बायकांना 12 महिन्यांचा हवा होता. जॉन की यांच्या नॅशनल पक्षाने तसं वचन दिलं, पक्ष जिंकला आणि फारमॅकला वळसा घालून सरकारने पैसे दिले. त्या बायकांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्या जागी मीही मोर्चात असते. पण त्याच पैशांवर आस लावून बसलेल्या संधिवाताच्या पेशंटचा फोटो कुठल्या पेपरात आला?

राजकारण्यांनी पैसे वाढवावेत, औषधं निवडू नयेत. 2023 च्या निवडणुकीत याच पक्षाने कॅन्सरची 13 औषधं नावानिशी कबूल केली. 2024 मध्ये मात्र सरकारने फारमॅकला चार वर्षांसाठी 60 कोटी 40 लाख डॉलर जादा दिले आणि निवड तिच्यावर सोपवली. त्यातून कॅन्सरबरोबर इतर आजारांवरच्या औषधांनाही वाट मिळाली.