ऑलिंपिकच्या आदल्या संध्याकाळी कोसळलेला डोंगर

लेखमाला : बातमीचं वजन – लेखांक 6

मागच्या लेखांकात आपण मॅक्सवेल मॅक्कोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोन अमेरिकी अभ्यासकांची ओळख करून घेतली. 1968च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी त्यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिलच्या मतदारांना गाठलं आणि एक गोष्ट दाखवून दिली. वर्तमानपत्रं आणि टीव्ही लोकांचं मत बदलोत न बदलोत, मत कशाबद्दल बनवायचं हे मात्र बऱ्याच अंशी तेच ठरवतात. यावर कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या वाहिन्यांनी काय दाखवावं हा त्यांचा प्रश्न, रायगडातल्या माणसाने त्यात डोकं कशाला घालायचं? या आठवड्यात त्याच शंकेचं उत्तर शोधू. त्यासाठी न्यूयॉर्कला जाण्याआधी महाड तालुक्यातल्या तळीयेला जावं लागेल.

गुरुवार, 22 जुलै 2021. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला. सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं, तिकडे वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. त्याच संध्याकाळी तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. थोडी माती खाली येताना दिसली म्हणून माणसं घराबाहेर पडून सुरक्षित जागी निघायच्या तयारीत होती, तेवढ्यात सगळी वाडीच गाडली गेली, असं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडींनी माणसं नेली. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, रस्त्यावर ठिकठिकाणी माती आणि झाडं, महाड पाण्याखाली. बचाव पथकं वाडीत पोचायला दुसरा दिवस उजाडला. आणि जिथे बचाव पथक पोचत नाही तिथे वाहिनीची ओबी व्हॅन कुठून पोचणार?

आता त्या आठवड्याचं बातम्यांचं ताट पाहा. 18 जुलैला पेगॅसस हेरगिरीचं प्रकरण फुटलं. 19 तारखेला मुंबईत राज कुंद्राला अटक झाली. 20 तारखेला जेफ बेझोस स्वतःच्या कंपनीच्या यानातून अंतराळाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आले. 23 तारखेला टोकियो ऑलिंपिकचं उद्घाटन झालं आणि 24 तारखेला मीराबाई चानूने रौप्यपदक मिळवलं. या गर्दीत तळीयेला जागा मिळालीच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मिळाली. पहिल्या पानावर फोटो आले, तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे 24 तारखेला गावात आले, राज्याने मृतांच्या वारसांना पाच लाखांची आणि केंद्राने दोन लाखांची मदत जाहीर केली. प्रश्न पुढचा आहे. ही जागा किती दिवस टिकली, आणि टिकली नाही म्हणून नेमकं काय बिघडलं?

पाच हजार आपत्तींचा हिशेब

या प्रश्नाचं सगळ्यात नेटकं उत्तर अमेरिकी वाहिन्यांच्या जुन्या बातमीपत्रांत दडलेलं होतं. थॉमस आयझेन्सी आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग या स्वीडनमधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ते बाहेर काढलं. त्यांचा निबंध 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी 1968 ते 2002 या काळातल्या जगभरच्या सुमारे पाच हजार नैसर्गिक आपत्ती घेतल्या आणि प्रत्येकीबद्दल दोन गोष्टी तपासल्या: अमेरिकी वाहिन्यांच्या संध्याकाळच्या बातम्यांत ती आली का, आणि अमेरिकी सरकारने तिथे मदत पाठवली का.

यात एक अडचण होती. मोठ्या आपत्तीची बातमीही होते आणि तिला मदतही मिळते. मग मदत आपत्तीमुळे आली की बातमीमुळे, हे कसं ओळखायचं? त्यावर त्यांनी शोधलेली युक्ती मला फार आवडते. त्यांनी आपत्तीकडे न पाहता त्या दिवशी बाकी काय चाललं होतं ते पाहिलं. बातमीपत्राची वेळ ठरलेली असते. त्यातल्या पहिल्या तीन बातम्यांनीच बहुतेक वेळ खाल्ला, तर तो दिवस गर्दीचा. ऑलिंपिकचे दिवसही असेच गर्दीचे. आता टोकियोत किंवा अटलांटात शर्यती लागल्या म्हणून कुठल्या देशातला भूकंप कमी विध्वंसक होत नाही. तरीही हिशेब मांडल्यावर दिसलं, की गर्दीच्या दिवसांत आलेल्या आपत्ती बातमीपत्रातून गळत होत्या आणि त्यांना अमेरिकी मदत मिळण्याची शक्यताही कमी होत होती. मदत गरजेच्या मागे जाते असं आपण धरून चालतो. इथे ती काही अंशी कॅमेऱ्याच्या मागे चालताना सापडली.

त्याच अभ्यासातले आणखी दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ज्वालामुखीत एक माणूस मेला तर बातमी होण्याची जेवढी शक्यता, तेवढी अन्नटंचाईच्या वाट्याला यायला जवळपास 40,000 माणसं मरावी लागतात. आणि युरोपातल्या आपत्तीइतकी दखल आफ्रिकेतल्या आपत्तीला मिळायची, तर तिथे 45 पट माणसं मरावी लागतात. ज्वालामुखीचं चित्र दिसतं, अन्नटंचाईचं दिसत नाही. एवढाच काय तो फरक.

घरोघरी मातीच्या चुली

परक्या देशांच्या बाबतीत अमेरिकी वाहिन्या अशा वागतात आणि स्वतःच्या माणसांची मात्र नीट दखल घेतात, असंही नाही. 20 सप्टेंबर 2017ला मारिया हे चक्रीवादळ पोर्टो रिकोवर धडकलं. हे बेट अमेरिकेचं, तिथली माणसं अमेरिकेची नागरिक; मात्र बेटावर राहून त्यांना अध्यक्षपदासाठी मतदान करता येत नाही. संपूर्ण बेटाची वीज गेली. दोनच दिवसांनी अलाबामातल्या सभेत अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या फुटबॉल खेळाडूंवर तोंडसुख घेतलं. पुढचे काही दिवस वाहिन्यांवरच्या चर्चा त्याच गुडघ्याभोवती फिरत राहिल्या.

माझं मत स्पष्ट आहे. ट्रम्प काय बोलले हे दाखवणं स्वस्त पडतं. स्टुडिओत चार माणसं बसवली की तासभर निघतो. अंधारात बुडालेल्या बेटावर वार्ताहर पाठवायला पैसा लागतो, धीर लागतो. ट्रम्प यांना हे गणित त्यांच्यावर टीका करणाऱ्या संपादकांपेक्षा अधिक चांगलं कळतं. त्यामुळे त्यांच्यावर टीका करणाऱ्या वाहिन्याही दिवसभर त्यांनी आखलेल्या रिंगणातच धावतात.

मारियाच्या बळींचा सरकारी आकडा महिनोन्‌महिने 64 वर अडकून होता. ऑगस्ट 2018मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर तो 2,975 झाला. मधल्या काळात मृत्यूच्या नोंदी सरकारने उघड कराव्यात म्हणून कोर्टात गेलेल्यांत सीएनएनसारख्या बड्या वाहिनीच्या जोडीला पोर्टो रिकोतलीच शोधपत्रकारांची एक लहानशी संस्था होती. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे पत्रकारितेलाही लागू आहे.

आपल्याकडचं याचं उदाहरणही महाडचंच आहे. ‘26 जुलै’ म्हटलं की महाराष्ट्राला 2005ची मुंबई आठवते. सांताक्रूझचे 944 मिलिमीटर, तुंबलेल्या लोकल, पाण्यात चालत घरी निघालेली माणसं. त्याच पावसात, 25-26 जुलैला, महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. रायगडबाहेर किती जणांना ही चार नावं सांगता येतील? मुंबईचं दुःख खोटं होतं असं नाही. पण वाहिन्यांची कार्यालयं मुंबईत होती आणि जुईत नव्हती. सोळा वर्षांनी त्याच तालुक्यात तळीये घडलं, तेव्हा अनेकांना तो अभूतपूर्व प्रकार वाटला. ज्याची आठवणच ठेवली नाही, ते दर वेळी अभूतपूर्वच वाटणार.

एकाच तारखेला दोन शोध

आता अमेरिकेची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख एकतर्फी होईल.

24 जून 2021ला फ्लोरिडातल्या सर्फसाइडमध्ये शॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही बारा मजली इमारत मध्यरात्री अर्धी कोसळली. 98 माणसं मेली. महिनाभर ढिगारा उपसला गेला आणि शेवटच्या, अठ्ठ्याण्णवाव्या मृताची ओळख पटली ती 26 जुलैला. नेमक्या त्याच दिवशी तळीयेतली शोधमोहीम थांबवण्यात आली. चार दिवसांत 53 मृतदेह हाती लागले होते, बेपत्ता असलेल्या 31 जणांना मृत धरायचं ठरलं.

या दोन 26 जुलैंची तुलना जपून करायला हवी. इमारतीत कोण राहत होतं याची यादी असते, ढिगारा एका जागी असतो. डोंगराची ओली माती वेगळी. पाऊस सुरू, उतार अस्थिर, आणि थांबण्याचा निर्णय गावकऱ्यांशी बोलून झाला होता. त्याबद्दल कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही. खरा फरक त्यानंतरच्या वर्षात पडला.

सर्फसाइडला राष्ट्रीय वाहिन्यांच्या गाड्या काही आठवड्यांत निघून गेल्या. ‘मायामी हेराल्ड’ हे तिथलं स्थानिक वर्तमानपत्र मात्र निघून जाऊ शकत नव्हतं, कारण ते तिथलंच होतं. त्याच्या या वार्तांकनाला 2022चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी मे महिन्यात फ्लोरिडाने जुन्या, तीन किंवा अधिक मजली सहनिवासी इमारतींची ठरावीक काळाने तपासणी सक्तीची करणारा कायदा केला आणि जून महिन्यात मृतांच्या वारसांसाठी व रहिवाशांसाठी एक अब्ज डॉलरहून मोठी तडजोड न्यायालयात मंजूर झाली. हे सगळं एका वर्तमानपत्रामुळे झालं असा दावा मी करणार नाही. पण कुणी तरी रोज विचारत होतं, एवढं खरं.

टेक्सासचंही तसंच. 4 जुलै 2025ला ग्वाडालुपे नदीच्या पुरात 100हून अधिक माणसं गेली, त्यांत उन्हाळी शिबिराला आलेल्या लहान मुली होत्या. केर काउंटीत धोक्याचे भोंगे का नव्हते, त्यांची मागणी किती वर्षं रखडली होती, हे तिथल्या पत्रकारांनी उकरून काढलं. भोंग्यांचा कायदा त्याच वर्षी झाला.

तळीयेबाबत आपण काय विचारत राहिलो? वाचलेली कुटुंबं कंटेनरच्या घरांत गेली आणि म्हाडा पक्की घरं बांधून देणार असं जाहीर झालं. त्यानंतर वाडीची बातमी पावसाळ्यापुरती उरली. जुलै आला की ‘तळीयेचं पुनर्वसन रखडलं’ असा मथळा, बाकीचे अकरा महिने शांतता. गाडल्या गेलेल्या घरांबरोबर कागदपत्रंही जातात. मृत्यूचा दाखला, वारस नोंद, सातबारा, नव्या घराचा ताबा यांसाठी माणूस ज्या खेपा घालतो, त्यांना दृश्य नसतं. ती अन्नटंचाई असते, ज्वालामुखी नव्हे. 19 जुलै 2023ला याच जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा ती दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती असं सरकारकडून सांगण्यात आलं. यादी कोण करतं, कधी करतं, त्यात वाडी घालायची की नाही हे कशावर ठरतं, याची चर्चा तळीयेनंतरची दोन वर्षं चालू राहिली असती तर? इर्शाळवाडी वाचली असती असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण प्रश्न तरी नवा वाटला नसता.

अमेरिकेकडून काय घ्यायचं

अमेरिकेच्या बातम्या वाचू नका, असं सांगण्याचा हा लेख नाही. ऑगस्ट 2025मध्ये भारतीय मालावरचं अमेरिकी आयात शुल्क 50 टक्क्यांवर गेलं, ती कोळंबी निर्यात करणाऱ्याच्या थेट खिशातली बातमी होती. सप्टेंबर 2025मध्ये नव्या एच-वन-बी व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्क लावल्याची घोषणा झाली, ती पुण्यापासून महाडपर्यंत अनेक घरांतली. अशा बातम्या हव्यातच आणि त्या आणखी खोलात जाऊन दिलेल्या हव्यात. माझी तक्रार उरलेल्या भागाबद्दल आहे. ट्रम्प यांनी कुणाला काय टोपणनाव दिलं, वादसभेत कोण अडखळलं, कुणी कुणाशी हस्तांदोलन टाळलं, हे आपल्या वाहिन्या चवीने दाखवतात, कारण ते आयतं आणि फुकटात मिळतं. पेनसिल्व्हानियाच्या मतमोजणीचा नकाशा आपल्याला पाठ होतो आणि पोलादपूरच्या दरडग्रस्त वाड्यांचा नकाशा कधी दिसत नाही.

अमेरिकी माध्यमांकडून आपण तमाशा उचलला आणि पाठपुरावा तिथेच ठेवला. तिथेही पाठपुरावा करणारी स्थानिक वर्तमानपत्रं भराभर बंद पडत आहेत; 2005पासून एक तृतीयांशाहून अधिक संपली. त्यामुळे अमेरिकेकडे आदर्श म्हणून पाहण्याचीही गरज नाही. त्यांच्या अनुभवातून नियम एकच घ्यावा: आपत्तीच्या बातमीचं मोजमाप पहिल्या दिवशीच्या मथळ्याच्या आकारावर करू नये, वर्षभरानंतर ती कुठे आहे त्यावर करावं.

वाचकांना एक विनंती. तुम्ही जे वर्तमानपत्र घेता, जी वाहिनी लावता, तिच्या संपादकाला या आठवड्यात एक पत्र किंवा मेल पाठवा. त्यात तीनच प्रश्न विचारा: तळीयेच्या प्रत्येक दरडग्रस्त कुटुंबाला हक्काच्या घराचा ताबा मिळाला का, रायगडच्या दरडप्रवण गावांची ताजी यादी तुम्ही कधी छापणार, आणि या जुलैआधी त्या गावांत तुमचा वार्ताहर जाणार का. एका पत्राने काही होत नाही, हे मलाही माहीत आहे. पण शंभर पत्रं आली की संपादक ती मोजतो, हे मी आत बसून पाहिलेलं आहे.

(पुढील लेखांक : तालुक्याचा वार्ताहर जगतो कशावर?)