बिनपाठीचा हमाल

ई. कोलाय या जिवाणूच्या पेशीत कायनेसिन नावाचं प्रथिन नसतं, त्याला त्याची गरजही नाही. तरी जगभरच्या प्रयोगशाळांत हा जिवाणू रात्रभर शेकरवर घुसळत राहून माणसाचं कायनेसिन बनवून देतो. सकाळी पेशी फोडायच्या आणि तो रस निकेलच्या कॉलममधून सोडायचा. प्रथिनाच्या टोकाला मुद्दाम जोडलेले हिस्टिडिन निकेलला चिकटतात, बाकीचं बहुतेक वाहून जातं. मग इमिडाझोलने प्रथिन सोडवून घ्यायचं, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचं आणि उणे ८० अंशांवर ठेवायचं. बफरमध्ये थोडं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतंच, नाहीतर ते बिघडतं. वितळवलेली कुपी काटकसरीने पुन्हा गोठवणाऱ्याच्या नशिबी बहुधा मेलेली मोटरच येते.

कायनेसिन ही मोटर म्हणजे पेशीतला हमाल. कण्यापासून पावलापर्यंत जाणारा चेतापेशीचा तंतू मीटरभर लांब असतो, पण त्याला लागणारा बराचसा माल तयार होतो कण्याजवळ. तो आपोआप पसरत पोचेल म्हणून वाट पाहिली तर आयुष्य पुरणार नाही. कायनेसिन तो माल मायक्रोट्युब्यूल या २५ नॅनोमीटर जाडीच्या रुळावरून ओढत नेतं. एका एटीपीत ८ नॅनोमीटरचं एक पाऊल, सेकंदाला साधारण शंभर पावलं. या वेगाने न थांबता चाललं तर मीटरभर अंतराला दोन आठवडे लागतील.

त्याचा शोध लागला १९८५मध्ये, अमेरिकेतल्या वुड्स होल इथे. स्टॅनफर्डचा विद्यार्थी रॉन वेल याला खरं तर कॅलिफोर्नियातच माकुळाच्या जाडजूड चेतातंतूवर काम करायचं होतं. पण एल निनोने पाणी तापलं आणि माकूळ मिळेना, म्हणून तो आणि मायकेल शीट्झ पूर्व किनाऱ्यावर गेले. आपल्याला एल निनो आठवतो तो पाऊस बुडवणारा म्हणून. जीवशास्त्रावरचं त्याचं हे ऋण फारसं कुणी बोलून दाखवत नाही.

आज प्रयोगांत सर्रास वापरलं जातं ते के-५६० नावाचं छाटलेलं कायनेसिन. मूळ साखळी ९६३ ॲमिनो आम्लांची, त्यातली पहिली ५६० ठेवून बाकीची छाटलेली. छाटण्यामागे कारण आहे. पाठीवर माल नसला की अख्खं कायनेसिन स्वतःवरच दुमडतं, साखळीच्या शेवटची शेपटी चालणाऱ्या डोक्यांना अडवते आणि एटीपी वाया जात नाही. पेशीसाठी ही शहाणी व्यवस्था, पण काचपट्टीवर चालणारी मोटर बघू पाहणाऱ्यासाठी वैताग. शेपटीच नसली की ते सतत चालू राहतं.

जिवाणूत बनवण्याचा खरा फायदा मात्र वेगळाच: साखळीतलं हवं ते अक्षर बदलता येतं. कायनेसिनला दोन डोकी असतात आणि त्यांवरच ते चालतं. पण कसं? अळीसारखं सरपटत, की आपण चालतो तसं, मागचं पाऊल पुढे टाकत? सरपटत असेल तर प्रत्येक डोकं दर वेळी ८ नॅनोमीटर सरकेल. पावलं टाकत असेल तर एक डोकं सुमारे १६ नॅनोमीटर उडी घेईल आणि पुढच्या खेपेला जागचं हलणार नाही. डोक्याची हालचाल दिसावी म्हणून लावायचा चमकणारा रंग सिस्टीन या ॲमिनो आम्लाला चिकटतो, म्हणून संशोधकांनी अडचणीचे सिस्टीन काढून टाकले, हव्या त्या एका जागी नवा बसवला आणि एकाच डोक्यावर चमकणारा रेणू लावला. २००४मध्ये अहमत यिल्दिझ आणि सहकाऱ्यांना दिसली ती सुमारे १७ नॅनोमीटरची उडी. वाद मिटला. माकुळाच्या किंवा गाईच्या मेंदूतून काढलेल्या प्रथिनावर इतकी नेमकी कारागिरी कशी करणार होते?

पण छाटलेली शेपटीच माल धरते. म्हणजे के-५६०ने आपल्याला चाल शिकवली. ओझं कोण चढवतं, कधी उतरवतं, हे ते सांगूच शकत नाही. तो प्रश्न मुंबईत टीआयएफआरमध्ये रूप मलिक यांच्या गटाने हाती घेतला, आणि त्यासाठी उंदरांच्या यकृतातून मेदाचे थेंब काढले, त्यांच्यावर चिकटलेल्या मूळ कायनेसिनसकट. खाल्लेल्या उंदरात हे कायनेसिन थेंब पेशीच्या कडेकडे ओढतं आणि मेद पुढे रक्तात सोडायला मदत होते. उपाशी उंदरात थेंबांवरचं कायनेसिन कमी होतं. उपासात यकृताकडे मेदाचा लोंढा येतो, पण तो सगळाच्या सगळा रक्तात ओतला जात नाही, त्यामागचं हे एक कारण. एकादशीला साबुदाण्याची खिचडी चापणाऱ्यांनी मात्र या निष्कर्षाचा आधार घेऊ नये. उंदरांना खिचडी दिली नव्हती.