पहिला डोस कुठे मिळतो?

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडजवळच्या विष्णुपुरीत, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ जण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. अठ्ठेचाळीस तासांत आकडा ३१ वर गेला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधांचा तुटवडा, रिकामी पदं, राज्याच्या नव्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नसणं, सगळं बाहेर आलं. बरेच रुग्ण अगदी शेवटच्या अवस्थेत इथे पोचले, असं रुग्णालयाने सांगितलं. चर्चा मात्र तुटवड्यावरच थांबली. ही बाळं इतक्या उशिरा का पोचली, हा प्रश्न मागेच राहिला.

सगळेच मृत्यू जंतुसंसर्गाने झाले असं नाही. पण कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला सर्वांत मोठी भीती असते ती सेप्सिसची. जंतू एका जागी न थांबता रक्तात उतरतात आणि त्यांच्याशी लढताना शरीराचा प्रतिकार स्वतःच्याच अवयवांवर उलटतो. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंड आणि फुप्फुसं हात टेकतात. मोठ्या माणसाला सहसा ताप येतो, हुडहुडी भरते. बाळाला तापच येईल असं नाही, उलट ते गार पडतं, अंगावर ओढत नाही, रडणं क्षीण होतं. घरची माणसं म्हणतात, बाळ मलूल पडलंय. त्यात रात्र जाते. सकाळी तालुक्याचा दवाखाना, तिथून ‘नांदेडला न्या’. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरच्या वर आहे. बाळाला काचेत ठेवेपर्यंत उपचाराची खरी वेळ निघून गेलेली असते.

या अंतरावरचा उपाय महाराष्ट्रातच सापडला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले. फारसं न शिकलेल्या या गावच्याच बायका बाळाचं वजन घेत, श्वास मोजत, सेप्सिसची लक्षणं ओळखत आणि घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन देत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आलं. मोठ्या इस्पितळाच्या पायरीवर सुरू होणारं घड्याळ त्यांनी घराच्या ओट्यावर आणलं. मराठवाड्याने यातून शिकायला हवं होतं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

मोठ्यांच्या बाबतीतही आजार उशिरा ओळखला जाण्याची हीच गोष्ट २०२१ च्या उन्हाळ्यात दिसली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत लातूर-नांदेडच्या अनेक घरांत स्टेरॉइडच्या गोळ्या पोचल्या होत्या. ऑक्सिजनची गरज असलेल्यांना त्यांनी जीवदान दिलं. पण जिथे त्या साखर न तपासता, गरज नसताना, दिवसचे दिवस घेतल्या गेल्या तिथे म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराला वाट मिळाली. ही बुरशी मातीत, सडलेल्या पाल्यापाचोळ्यात सगळीकडे असते. निरोगी माणूस ती रोज श्वासात घेतो आणि त्याला काही होत नाही. साखर बेसुमार वाढली, प्रतिकार दबला की ती नाकामागच्या पोकळ्यांत रुजते आणि रक्तवाहिन्यांत शिरते. रक्तपुरवठा तुटला की तिथला भाग मरून काळा पडतो. काळेपणा असतो तो या मेलेल्या मांसाचा. सुरुवात साधी असते: गाल सुजतो, दात हलू लागतात, एका डोळ्याने दोन-दोन दिसतं. अनेक जण आधी दातांच्या डॉक्टरकडे गेले. डोळा, मेंदू गाठायला तिला फार दिवस लागत नाहीत.

२८ जून २०२१ पर्यंत देशात ४०,८४५ रुग्णांची नोंद झाली. त्यावरचं औषध अँफोटेरिसिन-बी मिळेना. लिपोसोमल प्रकारात किलोमागे पाच मिलिग्रॅमचा डोस धरला, तर साठ किलोच्या माणसाला पन्नास मिलिग्रॅमच्या सहा कुप्या रोज लागतात, आणि त्या आठवडेच्या आठवडे. तेव्हा एक कुपी सात हजारांच्या आसपास होती. शेतकरी घराचं कंबरडं मोडायला चार दिवस पुरत. मे अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने हे इंजेक्शन बाराशे रुपयांत देण्यासाठी उत्पादन सुरू केलं, आणि राज्याने हा आजार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घेतला. दोन्ही गोष्टी चांगल्या झाल्या. पण ज्यांचा वरचा जबडा काढावा लागला, त्यांना कृत्रिम टाळूशिवाय घोटभर पाणीही धड पिता येत नाही. लाट ओसरल्यावर त्यांची विचारपूस फारशी झाली नाही.

आणखी एक दुखणं रोजच्या सवयीतलं आहे. ताप आला की ‘सलाईन लावा’, त्यातच एखादं भारी अँटिबायोटिक. रक्ताचं कल्चर घ्यायचं ते त्याआधी. नंतर घेतलं तर जंतू अनेकदा उगवतच नाहीत. मग कोणतं औषध लागू पडेल हे अंदाजावर राहतं, आणि तो अंदाज चुकू शकतो. दिल्लीच्या तीन रुग्णालयांतल्या नवजात बाळांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की अॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला हे जंतू तिथे आघाडीवर होते आणि अनेक औषधांना दाद देत नव्हते.

बाळांपुरतं बोलायचं तर गावपातळीवरच्या पहिल्या डोसला सरकारी मान्यता कधीच मिळाली आहे. २०१४ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या: सेप्सिसची लक्षणं दिसली आणि बाळाला पुढे पाठवायचं असलं, तर एएनएम (परिचारिका) ताईंनी जेंटामायसिनचा पहिला डोस देऊन पाठवावं. किनवट, माहूर, देगलूर, निलंग्याच्या उपकेंद्रांत ते इंजेक्शन आज ठेवलेलं आहे का, आणि गेल्या वर्षभरात किती बाळांना ते टोचून गाडीत बसवलं, याचा हिशेब नांदेड आणि लातूरच्या जिल्हा परिषदांनी गावनिहाय मांडावा.