झोपेची उधारी

मुशायरा असो वा कविसंमेलन, आम्हा कवींनी जागरणाचे फार कौतुक केले. पण कवितेतले जागरण वेगळे आणि पोटासाठी करावे लागणारे वेगळे. आमच्या इचलकरंजीत यंत्रमाग रात्रभर खडखडत असतात. रातपाळी संपवून कामगार घरी येतो, तेव्हा गल्ली जागी झालेली असते. पत्र्याखाली, उकाड्यात, भांड्यांच्या आवाजात तो झोपतो. दिवसपाळी लागली की पुन्हा सगळे उलटे. तास मोजले तर झोप झालेली असते. अंग मात्र आंबलेलेच राहते.

असे का होते? आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून ते आपली वेळ लावून घेते. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचे संप्रेरक वाढते, शरीराचे तापमान उतरू लागते आणि झोप येते. पेशींमधले हे घड्याळ कसे चालते, ते उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

झोप म्हणजे आळस नव्हे. गाढ झोपेत शरीराची झीज भरून निघते, दिवसभरात शिकलेले मेंदू नीट लावून ठेवतो. बहुतेक प्रौढांना रोज किमान सात तास झोप हवी. ती वर्षानुवर्षे तुटत राहिली, तर रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रातपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले आणि २०१९ साली तेच मत कायम ठेवले.

काहीजण म्हणतात, ही उधारी रविवारी फेडू. दुपारपर्यंत लोळल्याने थकवा थोडा उतरेल. पण आतले घड्याळ मागे पडते आणि सोमवारी उठणे जिवावर येते. म्हणून उठण्याची वेळ सातही दिवस शक्यतो एकच ठेवावी. संध्याकाळनंतर चहा टाळावा, मोबाइल उशापासून लांब ठेवावा.

ज्यांची पाळी त्यांच्या हातात नाही, त्यांना हा उपदेश पुरत नाही. त्यांच्यासाठी घरच्यांनी खिडकीला जाड पडदा लावावा, टीव्हीचा आवाज कमी करावा. पाळ्या वरचेवर उलटवू नयेत, हे मालकांनीही पाहावे. आणि शेजाऱ्यांनी? रात्री दोन वाजता कुणी दार वाजवले, तर आपण चिडतो. रातपाळीवाल्याचे रात्रीचे दोन सकाळी अकराला वाजतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.