दुर्बिणीसाठी इन्फ्रारेड फिल्टर घेताय? आधी टीव्हीचा रिमोट हातात घ्या

टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना काही दिसत नाही, पण काही फोनच्या स्क्रीनवर रिमोटच्या टोकाला जांभळट ठिपका लुकलुकतो. हाच इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त प्रकाश. बहुतेक फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात तो अडवणारी काच असते, त्यामुळे ठिपका फिका दिसतो किंवा दिसतच नाही. सेल्फी कॅमेऱ्यात बरेचदा दिसतो. दुर्बिणीला मोबाईल लावून चंद्राचे फोटो काढणाऱ्यांनी फिल्टरवर पैसे घालण्याआधी एवढं करून बघावं.

फिल्टर दोन प्रकारचे. नावं सारखी, कामं उलटी. 'आयआर कट' अवरक्त प्रकाश अडवतो, 'आयआर पास' मुख्यतः तोच आत सोडतो. फसगत इथंच होते.

आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. ६८५ नॅनोमीटरचा पास फिल्टर त्यातला जवळपास सगळा अडवतो. मग उपयोग काय? उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावरची हवा थरथरते ना, तशीच आकाशातली हवाही थरथरते, आणि दुर्बिणीतून चंद्राची विवरं पाण्याखाली असल्यासारखी हलतात. लांब तरंगांवर या थरथरीचा परिणाम कमी होतो. म्हणून विवरांच्या कडा स्थिर येतात. दिवसा दिसणाऱ्या चंद्रामागचं निळं आकाशही काळं पडतं, आणि तो फोटो खरंच बघण्यासारखा असतो.

पण रंग जातात, प्रकाशही फार कमी उरतो. त्यासाठी सहा इंची किंवा मोठी दुर्बीण आणि अवरक्त पकडणारा वेगळा कॅमेरा लागतो. फोनला हा फिल्टर लावला, तर फिल्टरमधून आलेलं फोनची काच अडवणार. हाती अंधारच!

कट फिल्टरची गोष्ट छोटी आहे. भिंगाच्या दुर्बिणीत अवरक्त किरण वेगळ्या जागी एकवटतात आणि तारे फुगलेले येतात. आत काच नसलेल्या रंगीत कॅमेऱ्याला म्हणून तो लागतो. फोनला सहसा नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. २ ऑगस्ट २०२७ ला पश्चिम भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. ऐन पावसाळा, ढगांनी साथ दिली तर. पास फिल्टर काळाकुट्ट दिसतो म्हणून कुणी त्यातून सूर्य बघायला जाऊ नये. उजेड अडला तरी अवरक्त किरण सरळ डोळ्यात जातात, आणि आतला पडदा भाजताना दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. सूर्यासाठी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसणारा सोलर फिल्टरच हवा. तो नसेल तर त्या दिवशी दुर्बीण पेटीतच राहू द्या.